मामांची हरकत

सभागृहातला माइक मोठा नाठाळ होता. कुलगुरूंनी जरा आवाज चढवला की तो अशी काही शिट्टी फुंकायचा की बाहेर झाडावरची पाखरं उडून जायची. मागच्या भिंतीत एक लाकडी कपाट होतं, त्यात त्याचं यंत्र. मामांनी ते उघडायचं, डावीकडची खुंटी किंचित मागे घ्यायची, एक सैल वायर अंगठ्याने दाबून धरायची आणि सगळ्या मंडळाकडे पाठ करून तसंच उभं राहायचं, की स्वारी गप्प. हे मामांना कुणी सांगावं लागत नसे. शिट्टी पुरती संपायच्या आत ते कपाटापाशी पोहोचलेले असत, आणि बैठकीतल्या मोठ्या माणसांच्याही ते इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणी मान वर करून बघतसुद्धा नसे.

मामा हे काही त्यांचं नाव नव्हे. त्यांची थोरली बहीण विद्यापीठाच्या वसतिगृहात स्वयंपाकघर सांभाळायची. पोरं तिला मावशी म्हणत, म्हणून तिचा भाऊ तो मामा. पोरं शिकून गेली, त्यातली काही प्राध्यापक होऊन परत आली, त्यांनी तेच नाव चालू ठेवलं, आणि होता होता खुद्द कुलगुरूही सभागृहाच्या शिपायाला मामा म्हणू लागले. आता मामांचे केस पिकले होते, निवृत्ती जवळ आली होती, आणि आयुष्यात आपण कधी निवडणूक लढवू हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते खूळ बहिणीचं.

झालं असं, की वसतिगृहाचं स्वयंपाकघर बंद करून जेवणाचं काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं घाटत होतं. दुसरीकडे शिजवलेलं जेवण गाडीतून यायचं, डबे उतरवायचे, रिकामे डबे घेऊन गाडी परत. स्वयंपाकघरातल्या बायका सगळ्या रोजंदारीवरच्या. त्यांना उद्यापासून येऊ नका म्हटलं की संपलं. ताईचं, म्हणजे मामांच्या या बहिणीचं, तर त्याहून अवघड. नवरा गेल्यापासून ती स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीतच राहत होती. चूल गेली की खोली गेली. भावाकडे राहायला जायची गोष्ट निघाली की ती विषय बदलायची. लहानपणी ज्याला मांडीवर घेऊन भरवलं, त्याच्या दारात म्हातारपणी पाहुणी होऊन बसायची तिची तयारी नव्हती.

हा निर्णय नियामक मंडळात व्हायचा होता, आणि मंडळात शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची एक जागा होती. वर्षानुवर्षं तिथे हिशेब विभागाचे बडे बाबू बिनविरोध जात. अर्ज भरायच्या दिवशी ते उपाहारगृहात सगळ्यांना चहा पाजत, सगळे त्यांची पाठ थोपटत, आणि झाली निवडणूक. मंडळात जाऊन बडे बाबू काय करत हे मामांइतकं कुणीच पाहिलं नव्हतं. ते बिस्किटं खात आणि मान हलवत.

"तू उभा राहा," ताई एक दिवस बटाटे सोलता सोलता म्हणाली.

"मी तिथे उभाच असतो, ताई."

"मग आता बसायसाठी उभा राहा. आम्हाला मत नाही, उभं राहता येत नाही. तुला येतं."

"अगं, त्या लोकांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटेल का? मला तिथे फक्त ग्लास भरता येतात."

"शब्द आम्ही देतो," ताई म्हणाली. तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला, म्हणजे तिच्या लेखी विषय संपला होता.

मग त्या बायकांनी जे काही केलं, त्याला तोड नाही. स्वतःला मताचा अधिकार नाही, पण मतं मागायला पाय होते ना! काम आटोपलं की दोघी दोघी निघायच्या. माळी, ड्रायव्हर, प्रयोगशाळेतले मदतनीस, ग्रंथालयातले शिपाई, सगळ्यांची दारं त्यांनी झिजवली. सगळ्यात म्हातारी होती ती भाजी चिरणारी आजी. तिचे गुडघे धरलेले, तरी ती काठी टेकत पंपघरापर्यंत जाऊन आली. बडे बाबूंनी नेहमीप्रमाणे चहा पाजला. लोकांनी चहा प्यायला, पाठ थोपटली आणि मत मामांना दिलं. निकाल लागला तेव्हा बायकांना आकाश ठेंगणं झालं. आजीने मामांच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, आणि मामा लहान पोरासारखे लाजले.

त्यानंतर रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात तालीम. मामा बटाट्यांच्या पोत्यांपुढे उभे राहायचे, बायका समोर बसायच्या. एकीने एक मुद्दा सांगायचा, दुसरीने दुसरा, ताईने ते सगळं सरळ लावून द्यायचं. पण मामांची गाडी अर्ध्यावर आली की रुतायची. मग कुणीतरी हसायचं आणि मामाही हसायचे. शेवटपर्यंत ते भाषण एकदाही पुरं झालं नाही.

"राहू दे," ताई म्हणायची. "तिथे गेल्यावर येईल. वेळ आली की माणसाला येतं."

बैठकीच्या दिवशी मामा सभागृहात पुढच्या दाराने शिरले. बायकोने शर्टाला कडक इस्त्री केली होती, त्यामुळे मान वळवायची पंचाईत. खुर्चीत बसल्यावर हात कुठे ठेवायचे ते कळेना. त्यांच्या जागी फाटकावरून बदलून आलेला एक शिपाई भिंतीशी उभा होता, भांबावलेला. त्याने मामांपुढे पाण्याचा ग्लास ठेवला. मामा त्याला "थँक्यू" म्हणाले आणि दोघंही ओशाळले. चहा नेहमीप्रमाणे ताईच्या स्वयंपाकघरातून आला. तो घेऊन आलेल्या बाईला सगळे कपवाली म्हणत, कारण विद्यापीठातले निम्मे कप तिच्या हातून धुतले गेले होते. तिने मामांपुढे कप ठेवताना ओठांच्या कोपऱ्यातून म्हटलं, "घाबरू नका. आम्ही सगळ्या आहोत," आणि रिकाम्या कपांसाठी दाराशी थांबली.

मामा घाबरले नव्हते, हेच तर खरं दुःख आहे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना सगळं भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत लख्ख दिसत होतं.

तो विषय आला. कुलसचिवांनी वाचून दाखवलं की वसतिगृहाची भोजनव्यवस्था ठेकेदाराकडे सोपवावी आणि सध्याच्या रोजंदारी महिलांना कामातून मुक्त करावं. मुक्त हा शब्द ऐकून मामांच्या कानशिलांत रक्त चढलं. टेबलावरचा त्यांचा उजवा हात आपोआप वर निघाला. कुलगुरूंनी तो पाहिला. माणूस वाईट नव्हता. ते माइककडे झुकले आणि जरा मोठ्याने म्हणाले, "आपल्या नव्या सदस्यांना बोलायचंय वाटतं. बोला माम..."

आणि माइकने शिट्टी मारली.

मामा उठले. सगळ्यांना वाटलं, बोलायला उठले. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मामांनी खुर्ची मागे सारली, दोन सदस्यांच्या मागून वाट काढली, भिंतीतलं कपाट उघडलं, खुंटी मागे घेतली आणि वायर अंगठ्याने दाबून धरली. आपण काय करतोय हे त्यांच्या डोक्यापर्यंत गेलंच नव्हतं. पाय निघाले होते, हात लागले होते. जन्मभर जे केलं ते शरीराने केलं.

कुलगुरू थोडा वेळ थांबले. समोरची खुर्ची रिकामी. माइक शांत झाला, आणि शांत झालेल्या माइकमधून त्यांचा आवाज स्वच्छ, खणखणीत आला, "हां, आता छान. तर मग कुणाची हरकत नाही? सर्वानुमते मंजूर."

मामांच्या अंगठ्याखाली वायर होती, तोंडासमोर भिंत होती. शेजारी नवा शिपाई येऊन उभा राहिला होता. तो हळूच म्हणाला, "मला सांगायचं होतं की. मी धरली असती."

"साहेब," मामा वळून म्हणाले, "मला त्या विषयावर..."

पण वायर सुटली आणि माइक पुन्हा किंचाळला. कुलगुरूंनी कानावर हात ठेवला. मामांनी घाईघाईने वायर पुन्हा धरली. तोवर कुलसचिव पुढच्या विषयावर, पाहुण्यांच्या बंगल्यातल्या पडद्यांवर पोहोचले होते. "मागचा विषय झाला, मामा," ते समजुतीने म्हणाले. "विचारलं होतं आपण. तुम्ही इथेच होतात ना?"

"होतो," मामा म्हणाले.

"मामा अजून ड्यूटीवरच आहेत," टेबलाच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. त्या हसण्यात टोचणी नव्हती, उलट मायाच होती. आणि मामाही हसले. सवयीने हसले. पुढे त्यांनी स्वतःला सगळ्याची माफी देऊन पाहिली, पण त्या हसण्याची काही देता आली नाही.

बैठक संपल्यावर ते ग्रंथालयाला वळसा घालून, लांबच्या वाटेने निघाले. ताईला काय सांगायचं? खरं सांगायचं, दुसरं काय. की सगळ्यांनी जिवाचं रान करून मला त्या खुर्चीत बसवलं, आणि मी ऐन वेळी उठून वायर धरायला गेलो. मग ती बोलेल ते ऐकून घ्यायचं. तिने शिव्या द्याव्यात, घरात पाऊल टाकू नकोस म्हणावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

स्वयंपाकघरात सगळ्या बसल्या होत्या. चुली बंद होत्या. कपवाली कोपऱ्यातल्या नळापाशी कप धूत होती आणि तिने मान वर केली नाही. मामांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी ताईच बोलली.

"बोलला तो," ती बायकांना म्हणाली. आवाज एकदम साधा, भाजीत मीठ घातलं म्हणावं तसा. "सगळं बोलला. त्यांनीच ऐकलं नाही."

मामांनी कपवालीकडे पाहिलं. ती धुतलेलाच कप पुन्हा धूत होती. त्यांना सगळं कळलं.

बायकांनी सुस्कारे सोडले. एकदोघींनी डोळे पुसले. पण आश्चर्य कुणालाच वाटलं नव्हतं. हरायची त्यांना सवय होती. आजी मात्र काठी टेकत पुढे आली आणि मामांसमोर स्टूल ओढून बसली.

"काय काय बोललात ते सांगा की," ती म्हणाली. "त्या एवढ्या मोठ्या खोलीत आमच्याबद्दल बोलणं झालं म्हणजे काही कमी नाही. आम्हालाही कळू दे."

"आजी, मला... आता नीट आठवत नाही."

"असं कसं आठवत नाही? आत्ता तर बोलून आलात."

मामांनी ताईकडे पाहिलं. तिला सोडवता आलं असतं तर तिने सोडवलं असतं. पण आपल्याच बोलण्यात आता तिचेही हात अडकले होते.

"सांग," ती म्हणाली. मान खाली, नजर फरशीवर. "ऐकू दे त्यांना."

मामा बटाट्यांच्या पोत्यांपुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली.

म्हणाले, की साहेब, डबे उतरवणारा गाडीवाला किती डबे उतरवले ते सांगेल, पण कोण जेवलं नाही ते सांगणार नाही. या बायकांना मात्र ते कळतं. एखादं पोर सकाळी जेवायला आलं नाही आणि संध्याकाळीही आलं नाही, की यांतली एक जिना चढून जाते आणि त्याचं दार वाजवते. कुणी तापाने फणफणलेलं असतं, कुणी नापास झालेलं असतं, कुणाच्या घरून वाईट बातमी आलेली असते. एकदा दार आतून उघडेचना. तेव्हा माझ्या बहिणीने माळ्याला बोलावून कडी तोडून घेतली. ते पोर वाचलं. त्याच्या आईने माझ्या बहिणीचे पाय धरले. साहेब, हे काम यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि ते यांच्या पगारात धरलेलं नाही. उद्या गाडी येईल, वेळेवर येईल, जेवण गरम असेल. पण ते दार कोण वाजवणार, एवढं मला सांगा. तेवढं सांगितलंत तर माझी हरकत नाही.

आवाज कुठे अडखळला नाही. मध्ये कुणी हसलं नाही. मामा थांबले तेव्हा ताई सोडून बायकांपैकी कुणाचेच डोळे कोरडे नव्हते, आणि आजी फरशीवर काठी आपटून म्हणाली, "हे ऐकूनसुद्धा नाही म्हणाले? माणसं नव्हेत ती. दगड आहेत दगड!"

"दगडच," दुसरी म्हणाली. तिसरीने कुलगुरूंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मामा पोत्यांपुढे तसेच उभे होते.

ताईने तेव्हा पहिल्यांदा मान वर करून भावाकडे पाहिलं. इतका वेळ तिच्या डोळ्यांतून एक टिपूस आलं नव्हतं. कामाचं ऐकून नाही, खोलीचं ऐकून नाही.

"किती छान बोलतोस रे तू," ती म्हणाली, आणि तोंड झाकून रडायला लागली.