ताटात राहिलेली दोन बुचं

मी एक जुनी पाण्यातली स्कूटर आहे आणि मित्रांनो, मला पाण्याची भीती वाटते. हसू नका. मांजराने उंदराला भ्यावं तसलं हे आहे, मला ठाऊक आहे. पण माझी हकीकत ऐकलीत तर तुमचंही हसू ओसरेल.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून जहाजाने आणि मग ट्रकने मी बरगीला, नर्मदेच्या धरणावर आले. तेव्हा मी लालभडक होते. सहली आल्या की माझ्यापुढे रांग लागायची आणि मी फुशारून जायचे. पण या जलाशयाच्या तळाशी गावं आहेत. धरण भरलं तेव्हा शेतं, विहिरी, देवळं सगळं पाण्याखाली गेलं. नावाडी बिडी ओढत त्या गोष्टी सांगायचे. तेव्हापासून पोटाखालचं पाणी मला फार खोल वाटू लागलं. पुढे एकदा मला पाण्यात पुढे ढकलणाऱ्या पंपात वाळू गेली, मी भर पाण्यात बंद पडले आणि मला दोरीने ओढून काठावर टाकलं. गरज सरो, वैद्य मरो! पाच पावसाळे मी एका पत्र्याच्या शेडमागे पडून होते. उंदरांनी वायरी कुरतडल्या आणि माझ्या सीटमध्ये संसार थाटला.

तिथे मला मुरलीधरकाकांनी पाहिलं. काका संरक्षण खात्याच्या कारखान्यात चाळीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचे हात नुसते शिवशिवत होते. त्यांचा भाचा विनय बरगीला बोटी चालवायचा.

"मामा, ये तो कबाड है," विनय म्हणाला.

"कबाड काहून? माणूस साठीचा झाला म्हणजे कबाड होते का रे?" काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने मला रडू यायचंच तेवढं बाकी राहिलं.

त्यांनी मला शहरात आणलं आणि मदन महल वस्तीतल्या त्यांच्या घराच्या अंगणात मी चार महिने होते. काकांनी पंपातली वाळू काढली, इंजिन खोललं, नव्या वायरी ओढल्या. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी सुखदा मला पॉलिश पेपरने घासायची, मग दोघांनी मिळून मला नवा रंग दिला. पद्मजाकाकू पोळ्या लाटता लाटता ओरडायच्या, "तुळशीपेक्षा त्या गाडीलाच जास्त पाणी घालून राहिले तुम्ही!" इतकं कौतुक मला तरुणपणीही मिळालं नव्हतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. माझ्या मागच्या अंगाला, अगदी खाली, दोन भोकं आहेत. आत शिरलेलं पाणी काठावर आल्यावर तिथून सोडून देतात. पाण्यात उतरण्याआधी मात्र त्यात दोन बुचं घट्ट बसवावी लागतात. सुपारीएवढी बुचं, पण माझा जीव त्यांच्यात आहे.

खंडेनवमीला सकाळी काकांनी मला आतबाहेर धुतलं आणि बुचं काढून पाणी सोडलं. पूजेच्या दिवशी एकही हत्यार मळकं राहता कामा नये, ही त्यांची कारखान्यातली शिस्त. पाने, पक्कड, हातोडी घासून त्यांनी ताटात मांडली आणि त्यांच्या शेजारी माझी दोन्ही बुचंही ठेवली. सगळ्यांना हळदकुंकू लागलं. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. "उद्या बसवतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दसरा. माझ्या हँडलला झेंडूचा हार, पुढे नारळ, आणि दारात टेम्पो उभा. घाईगर्दीत सगळ्यांना सगळं आठवलं, बुचं सोडून. बुचं! बुचं! मी मनातल्या मनात बरगीपर्यंत ओरडत होते. पण यंत्राला तोंड कुठे असतं?

"बाबा, पहले मैं!" म्हणत सुखदा माझ्यावर बसली. तिने लाइफ जॅकेट घातलं होतं, पण तिला पोहता येत नव्हतं. मी सुरू झाले. मित्रांनो, मी वेगात असले की माझं मागचं अंग वर उचललेलं राहतं, पाणी फारसं आत येत नाही. थांबले की संपलं. सुखदा, थांबू नको गं, वळ आणि तडक काठाला लाव, एवढंच मी घोकत होते.

तेवढ्यात काठावर काकांचा फोन वाजला. घरी पद्मजाकाकू पूजा उचलत होत्या. "अहो, ताटात ही दोन बुचं कशाची हो?"

काका तसेच चपलांसकट पाण्यात धावले. दोन्ही हात हलवत ते जिवाच्या आकांताने ओरडले, "थांबू नको! परत ये!" पण माझ्या आवाजात शब्द तिला ऐकू गेले नाहीत. दिसले ते फक्त हात. बाबा बोलावत आहेत असं वाटून ती गुणी पोर ऐकायला थांबली.

"काय म्हणून राहिले, बाबा?"

गार पाणी माझ्या पोटात भरू लागलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. मागून मी खाली जाऊ लागले, सुखदा सीटवरून घसरली आणि तिच्या तोंडून "आई" एवढंच निघालं. माझं वजन मला त्या बुडालेल्या विहिरींकडे ओढत होतं. नशीब, माझ्या नाकात फोम भरलेला आहे. नाक तेवढं वर राहिलं. सुखदाने त्याला मिठी मारली. तिची नखं माझ्या नव्या रंगात रुतली. पोरी, सगळा रंग ओरबाड, पण सोडू नको!

विनयच्या मोटरबोटीतून काका आले. तिला वर ओढून घेतल्यावर त्यांनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. "चाळीस वर्षं फिटर मी!" असं म्हणून ते लहान मुलासारखे रडले.

त्यांनी मला टाकून दिलं नाही. पुन्हा खोललं, वाळवलं, जोडलं. नखांचे ओरखडे मात्र त्यांनी रंगवले नाहीत. आता पाण्यात उतरण्याआधी ते चिखलात गुडघे टेकतात, बुचं पिळतात आणि सुखदाला म्हणतात, "तू पण हात लावून बघ." सुखदा अजून माझ्यावर बसत नाही, पण वाकून हात लावते. दोघांचे हात लागले की माझी भीती जरा कमी होते.

मित्रांनो, आम्हाला हार घाला, कुंकूही लावा, आम्हाला आवडतं. पण त्यानंतर एकदा मागे जाऊन वाकून बघा. आम्हाला ओरडता येत नाही.