उलटा पडलेला मासा

सून समुद्रात पार खोल बुडी मारून, तिथल्या खडकाच्या कपारीतून मासा घेऊन आली. एवढ्या खोल जायचं आणि आणायचं काय, तर बोटाच्या पेराएवढा! पिवळा-जांभळा, आणि तोंड असं, जणू मानपानावरून रुसलाय.

"याचे भाऊबंद फार थोड्यांनी पाहिलेत, माई," काचेच्या पेटीवरचा दिवा नीट करत सून म्हणाली. "पण आणल्यापासून नुसता तळाशी बसून आहे. खातच नाही. संध्याकाळपर्यंत जरा लक्ष ठेवाल?"

"चार पोरं वाढवलीत मी. हा तर पेराएवढा. जा तू."

दुपारी माई कोचावर लवंडल्या. दिवा डोळ्यांवर यायला लागला, तो बंद केला आणि छान डुलकी काढली. उठून पाहतात तर मासा पेटीतल्या दगडी कपारीच्या छताला चिकटलेला. पोट वर, पाठ खाली!

मेला की हा! मासे काय, मरतातच. पण दूध उतू जाण्यापासून टॉवेल वाळत घालण्यापर्यंत सुनेला जे जे ऐकवलं, ते आता कोणत्या तोंडानं ऐकवायचं?

"अहो, तुम्ही पेटीवर शिंकलात ना?"

"मी अंघोळीला होतो," अप्पा म्हणाले.

"मग तिथून शिंकलात. जा, चमच्यानं कुंडीत खड्डा करा. तिला सांगू, पळून गेला."

"मासा? पळून?"

"तुमचा भाऊ ऐन लग्नातून पळाला, तेव्हा पटलंच ना सगळ्यांना!"

अप्पा गेले. माई चहाची गाळणी पाण्यात घालणार, तेवढ्यात सून दारात. पेटीकडे पाहून ती किंचाळलीच. "माई! उलटा झाला!"

"हे शिंकले," माई डोळे मिटून म्हणाल्या.

"अहो, कपारीत हे असेच राहतात, उलटे! रमला तो. बघा, खातोय! दिवा कुणी बंद केला? मी मंद करून पाहिला, पूर्ण बंद करायचं सुचलंच नाही मला."

माईंनी गाळणी पाठीमागे लपवली. "मी नाही तर कोण? लेकराच्या डोळ्यांवर उजेड मारायचा आणि वर म्हणायचं जेवत नाही! आणि सकाळी तो टॉवेल चुरगळून वाळत घातलास, तो आधी झटक."

मातीचे हात घेऊन अप्पा दारात उभे राहिले. "अगं, मग त्या खड्ड्याचं काय करू?"

"रोप लावा त्यात. आणि पेटीजवळ शिंकू नका."