आखाजीआधीचं ताट

माझ्या नाकावर राग असतो, असं सासूबाई म्हणतात. असेल. पण त्या दिवशी सकाळी भिकाची पिकअप आमच्या बांधाशी येऊन थांबली, तेव्हा तो नाकावर नव्हता, थेट डोक्यात गेला होता.

मखमलाबादच्या पुढे आमचं शेत आहे. शेखर, म्हणजे माझा नवरा, अंबडच्या कंपनीत लागल्यापासून शेतात माझं येणं वाढत गेलं, आणि यंदाचा उन्हाळ कांदा तर रोप टाकण्यापासून पाणी तोडण्यापर्यंत सगळा मी एकटीने केला. शेखर कंपनीतून फोन करायचा, आज पाणी सोड, उद्या खत टाक. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? तरी गावात जो तो म्हणायचा, शेखरचा कांदा झकास आलाय. रस्त्याने जाणारे थांबून त्यालाच शाबासकी देत होते, आणि तोही मान हलवून ती घेत होता. मी पायातली माती झटकत बाजूला उभी.

अर्धा कांदा काढून झाला होता, अर्धा अजून जमिनीत होता. आणि मोबाइल सांगत होता, परवा गारपीट. उभ्या कांद्यावर गारा पडल्या की तो साठवणीच्या चाळीत टिकत नाही, सडतो. म्हणजे उद्या संध्याकाळच्या आत सगळा काढून, पात कापून आत घालायला हवा होता. हे सगळं एका बाईच्या हातात होतं, तिचं नाव झुंबरबाई. पलीकडच्या गावातली कांदा काढणाऱ्या बायकांची टोळी तिची. ती म्हणेल त्या शेतात टोळी जाते, ती उठली की सगळ्या उठतात.

भिका आमचा शेजारी. गारपिटीची खबर त्यालाही होती. पिकअपमधून खाली न उतरताच त्याने झुंबरबाईला सांगितलं की उद्यापासून त्याच्याकडे यावं, गाडी दारात येईल आणि दुपारी थंड बाटल्या मिळतील. झुंबरबाईने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. संध्याकाळी सांगते म्हणाली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिचं मन कुठे झुकतंय ते मला कळत होतं. त्या आठवड्यात ऊन असं होतं की आदल्या दिवशी दोन बायकांना भोवळ आली होती. दुपारी डबे उघडायच्या, भाकरीकडे बघायच्या, आणि पुन्हा झाकण लावायच्या. घास खाली उतरत नव्हता. उपाशी पोटी दुपारभर कांदा उपटायचा म्हणजे काय, ते मी स्वतः उपटते म्हणून मला ठाऊक आहे. थंड बाटलीने घसा गार होतो, पण पोटात काय जातं? मी ठरवलं, आज टोळीला असं काहीतरी द्यायचं की घशाखाली उतरेलही आणि अंगात राहीलही.

आदल्या आठवड्यात मोबाइलवर फळं आणि पाल्याचं सॅलड बघितलं होतं. त्यात लेट्यूस होतं. आमच्याकडे एप्रिलात लेट्यूस लावणाऱ्याला लोक वेड्यात काढतात, कडू होऊन फुलावर येतं ते. पण विहिरीच्या टाकीपाशी माझी कोथिंबीर होती, पुदिना होता. रात्रीच टाकीत सोडलेली कलिंगडं होती. भावाच्या बागेतून शेवटच्या तोडणीची द्राक्षं आली होती, जरा बारीक पण साखरेसारखी गोड. आणि खाटेखाली शेखरने आणलेली आंब्यांची पेटी होती.

त्या पेटीवर माझा हात पडला आणि घात झाला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात, त्यांना आमरसाचा नैवेद्य दाखवतात, आणि त्याआधी घरात कोणी आंबा तोंडात घालत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी देवळाली कॅम्पची. आमच्या घरी बाजारात पहिली पेटी आली की त्याच संध्याकाळी फोडायचो. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी हा नेम मला सासूबाईंचा वाटायचा, त्यांच्या देवघरातल्या समईसारखा. बाहेरच्या बायकांच्या ताटाचा त्याच्याशी काही संबंध असेल, हे डोक्यातच आलं नाही. सासूबाई गोठ्यात होत्या. मी आंबे कापले, कलिंगडात आणि द्राक्षांत मिसळले, वर पुदिना घातला आणि मोठं पातेलं डोक्यावर घेऊन ऐटीत बांधावर गेले.

बायका आंब्याच्या झाडाखाली बसल्या होत्या. मी वाढलं. वासानेच दोघी-तिघी सावरून बसल्या. झुंबरबाईने ताट हातात घेतलं, बघितलं, आणि अलगद खाली मातीवर ठेवलं. तिच्यामागे एकेक करून सगळ्यांची ताटं खाली आली.

"साधनाबाई, आंबा हाय यात," ती म्हणाली. "आमचे मालक श्रावणात गेले. यंदा त्यांची पहिली घागर हाय. त्यांच्या आधी मी कसा खाऊ?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाला मी उत्तर देऊ शकते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आंब्याचा रस सगळ्या पातेल्यात उतरला होता, फोडी वेचून काढायचीही सोय नव्हती. बायकांनी मुकाट्याने आपापले डबे उघडले आणि भाकरीकडे बघत बसल्या. बांधापलीकडे भिकाचं शेत दिसत होतं.

मी पातेलं उचलून घरी निघाले. स्वतःवरच इतकी संतापले होते की समोर दगड असता तर लाथ मारली असती. तेवढ्यात पायाखाली काहीतरी मऊ चिरडलं. बायकांनी कांदा काढताना उपटून टाकलेल्या घोळीचा ढीग होता तो. घोळ म्हणजे जाड, रसरशीत पानांचं तण. कांद्याचं पाणी तोडलं तरी ही मेली वाळत नाही. आम्ही मुगाची डाळ घालून तिची भाजी करतो, कच्ची कोणी खात नाही. मी एक काडी तोंडात टाकली. आंबट, किंचित खारट, आणि दातांखाली नुसतं पाणी. सकाळपासून कोरडी पडलेली माझी जीभ ओली झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी मोबाइलमध्ये पाला शोधत होते आणि पाला आठवडाभर माझ्याच बांधावर पडून होता. ताजी बघून ओटीभर वेचून घेतली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पातेल्यात बघितलं, मग खाटेखाली, मग माझ्याकडे. पितरांची पेटी फोडलेली बघून त्या काय बोलतील त्याची मी वाट बघत होते. मी घडलं ते एका दमात सांगून टाकलं आणि ओटीतली घोळ त्यांच्यापुढे ओतली.

"कच्चा पाला शेळ्या खात्यात," सासूबाई म्हणाल्या. मग खाली बसल्या आणि कोवळे शेंडे खुडायला लागल्या. बोलायचं ते आखाजीनंतर बोलू, असंही म्हणाल्या. आंब्याचं पातेलं त्यांनी गायीपुढे ठेवलं, कारण गायीला नेम नसतो.

घोळ टाकीच्या पाण्यात तीनदा धुतली. उरलेली कलिंगडं फोडली, काकड्या चिरल्या, द्राक्षं घातली. आपल्याच वाफ्यातला ताजा कांदा पातळ चिरला. झाडाच्या कैऱ्या घ्यायच्या का, यावर माझा हात थबकला. सासूबाई म्हणाल्या, चैत्रात पन्हं पितेस ते कशाचं? कैरीला नेम नसतो. मग दोन कैऱ्या किसल्या. हिरवी मिरची, पुदिना, कोथिंबीर, भाजलेल्या शेंगदाण्याचं भरड कूट. मीठ मात्र वाटीत वेगळं घेतलं, कारण कलिंगडावर मीठ आधी टाकलं की सगळ्याचं पाणी होतं. ते झाडाखाली पोचल्यावर टाकलं आणि हाताने वरखाली केलं.

या वेळी मी वाढलं नाही. पातेलं झुंबरबाईपुढे ठेवलं आणि आत काय काय आहे ते एकेक सांगितलं. तिने ऐकलं, बोटांनी घोळीचं पान उचलून बघितलं, आणि पहिला घास घेतला. चावताना कुडुम असा आवाज आला. दुसरा घास घेतला. मग डब्यातली भाकरी काढली, मोडली, आणि तिच्याबरोबर खायला लागली.

आठवड्यात पहिल्यांदा त्या टोळीचे डबे रिकामे झाले. झुंबरबाईने तिसऱ्यांदा ताट पुढे केलं तेव्हा मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी उगाच पातेल्याचा तळ खरवडत बसले. उन्हं कलेपर्यंत त्या बायकांनी असा कांदा उपटला की माझी पात कापायची धांदल उडाली.

संध्याकाळी भिका आला. शेखरही तेव्हाच कंपनीतून आला होता, हेल्मेट हातात. माझ्याकडे न बघता भिकाने त्यालाच सांगितलं की उद्या टोळी तो नेतो, उरलेला कांदा परवा काढा. शेखर आभाळाकडे बघत राहिला. मी तोंड उघडणार एवढ्यात झुंबरबाई हात झटकत उठली.

"भिकाभाऊ, तुमच्याकडं मागनं येऊ. उद्या आधी साधनाबाईचा कांदा."

भिका हसला. शेखरचा म्हण की, असं म्हणाला.

"शेखरभाऊला म्या या वावरात वाकल्याला पाह्यला नाय," ती म्हणाली. "कांदा साधनाबाईचा हाय."

टोळीतल्या बायका हसल्या. भिकाने गाडी वळवली.  मला इतका आनंद झाला होता की अंधार पडेपर्यंत मी पात कापत राहिले.

रात्री शेखरने विचारलं, ते पाल्याचं उद्या डब्यात देशील का? मी म्हटलं, ते कंपनीत मिळत नाही, वावरात मिळतं.

सकाळी त्याने रजा टाकली. झुंबरबाईने त्याला शेवटच्या वाफ्याला लावलं, आणि हळू उपटतो म्हणून दोनदा बोल लावले. दुपारी माझा नवरा बायकांच्या रांगेत शेवटी ताट घेऊन बसला होता. रस्त्याने जाणाऱ्या एकाने हाक मारून विचारलं, काय शेखर, कांदा आटोपला का?

"माझा नाय," तो तोंडातला घास आवरत म्हणाला. "हिचा."

आणि ताट माझ्यापुढे केलं.