चारशे वावांवरचा तारामासा

एकवीस वर्षं मी डॉक्टर सेव्हेरिनना या खाडीत फिरवलं. वल्ही माझी, तळाचा चिखल त्यांचा. लोखंडी जाळीतून तो वर आला की एवढा शिकलेला माणूस तळातले जीव शोधायला पोरासारखा त्यात हात घालायचा, आणि तसल्याच नखांनी माझी भाकरी मोडून खायचा. फार जीव होता माझा त्यांच्यावर.

ते जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि आता गावात वाद की चर्चच्या आवारात त्यांच्या नावाचा दगड बसवायचा की नाही. मास्तर आस्लाक डॉक्टरांच्या वह्या पुढ्यात घेऊन सभेत म्हणाला, “समुद्रात तीनशे वावांखाली, एवढ्या खोलीवर, जीव नाही, असं छापून गेले. आता जहाजं हजार वावांवरून जिवंत प्राणी काढतायत. राजधानीत हसतात आपल्याला.”

मी उठले. “मग मला हसा. चूक माझी आहे.”

“बसा हो गुनहिल्डबाई. तुम्हाला काय कळतंय यातलं?”

“तुझ्या जन्माआधीपासून हा तळ उपसतेय मी. गप ऐक.”

आणि सांगून टाकलं. पुस्तक छापायला गेलं त्याच आठवड्यातली गोष्ट. डॉक्टर खोकून अर्धे झालेले, होडीत घोंगडीखाली पडलेले. मी माझी गळाची दोरी ओढत होते, चारशे वाव. शेवटच्या गळाला तारामासा. जिवंत, हात हलवणारा. डॉक्टरांचे डोळे मिटलेले होते. त्यांचं जन्माचं काम एका किड्यापायी बुडवायला मी धजावले नाही. दिला परत पाण्यात टाकून. चौथ्या दिवशी ते गेले.

आस्लाकने शेवटची वही ओढली. ती आजवर कुणी उघडलीच नव्हती. मोठ्यांदा वाचू लागला, मग आवाज उतरला.

“गुनहिल्डने आज चारशे वावांवरचा जिवंत तारामासा परत टाकला. तिला वाटलं, मी झोपलोय. म्हणजे माझं चुकलं. छापखान्याला कळवायला हवं. रंग तेवढा दिसला नाही. तिला विचारू कसं? बिचारी शरमेल.”

दगडासाठी पहिला हात आस्लाकनेच वर केला. माझं तिकडे लक्ष नव्हतं. चार दिवस मी त्यांना पेज भरवत होते, आणि ते नुसते माझ्याकडे बघत होते. मला वाटायचं, पाणी हवंय.

“तांबडा होता,” मी म्हणाले. “पोटाशी पिवळा. लिही मास्तर, त्यांच्या वहीतच लिही.”