पुढची सीट

आसावरीने सवयीने मागच्या दाराला हात घातला, तेवढ्यात अजेय म्हणाला,

"पुढे बस की."

ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग वळसा घालून पुढे येऊन बसली. गाडी सुरू होताच आत कसलीशी घंटी वाजू लागली.

"पट्टा लाव," तो हसला. मागे बसताना पट्ट्याचं नाव कुणी कधी काढलंच नव्हतं.

शिक्षण संपवून अजेय कर्जतहून पुण्याला नोकरीला निघाला, तेव्हा शेजारच्या आसावरीला म्हणाला होता, "गाडी घेतली की पहिली फेरी तुला." शब्द त्याने पाळला. पहिली होंडा सिटी दारात येऊन उभी राहिली. पांढरी, बुटकी, चौकोनी. पुढे नवी नवरी ऋजुता बसली होती. मागे अजेयची आई आणि आसावरी. पळसदरीच्या धरणापर्यंत सगळे जाऊन आले.

त्यानंतर तेच मॉडेल नव्या रूपात आलं की अजेय जुनी गाडी देऊन नवी घ्यायचा आणि आईला दाखवायला आणायचा. दुसरी आखूड नाकाची, उंच. तिच्यात आसावरीच्या मांडीवर त्याची लेक झोपून गेली होती. तिसरी लांब, बाणासारखी निमुळती. ती आली तोवर आसावरीला स्थळं येणं थांबलं होतं आणि शाळेत ती गणिताच्या बाई म्हणून रुळली होती. चौथीत मागच्या सीटलाही गार हवेची सोय होती. आई तेव्हा राहिली नव्हती. त्या ऐसपैस सीटवर आसावरी एकटीच. ऋजुताने मान वळवून विचारलं होतं, "मागे हवा येते ना गं?" अशा बाईवर राग तरी कसा धरायचा!

ऋजुता जाऊन दोन वर्षं झाली होती. ही पाचवी.

धरणापाशी दोघं उतरली. बांधावर एक म्हातारी काकड्या विकत होती. आसावरीने एक घेतली.

"ताई, मालकांना पन द्या की एक. कवळी हाय."

आसावरीने अजेयकडे पाहिलं नाही. "मीठ जरा जास्त लावा," एवढंच म्हणाली. अजेयने हात पुढे केला.

पाण्याकडे बघत दोघांनी काकड्या खाल्ल्या.

"पुढची कधी?" तिने विचारलं.

"ही शेवटची. डोळे साथ देत नाहीत आता." त्याने काकडीचं देठ पाण्यात भिरकावलं. "पुढच्या महिन्यात बंगळूरला जातोय, लेकीकडे. कायमचाच."

"बरं," ती म्हणाली. काकडीच्या कागदाची घडी घातली, मग तिची आणखी एक.

दोघं परत निघाली. चार फाट्यावर अजेयने कर्जतकडे वळण्यासाठी इंडिकेटर दिला.

"चौक गावापर्यंत जाऊ या," आसावरी म्हणाली.

"उशीर होईल. घरी कोणी वाट..." तो अडखळला.

"कोण बघतंय?"

इंडिकेटर टिकटिकत राहिला. मागून एक टेंपो हॉर्न वाजवू लागला. अजेयने इंडिकेटर बंद केला आणि गाडी चौकच्या रस्त्याला घातली.

आसावरीने वाकून पायातल्या चपला काढल्या आणि पाय लांब केले.