धड्याचा उपास

“एकदा हातात घेतलंस की मधे सोडायचं नाही, स्वप्ना. शेवटची ओळ वाचायची, पोथी कपाळाला लावायची, मगच पानावर बसायचं.”

आईचा हा आवाज. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण स्वप्नालीने देवापुढे निरांजन लावलं की तो कानाशी यायचाच. लालबागच्या खोलीत आई पारायणाला बसली की घरात भांडं वाजायचं नाही. त्या शिस्तीत स्वप्नाली वाढली, आणि लग्न होऊन भाईंदरला आली ती शिस्त सोबत घेऊनच. सोमवार, चतुर्थी, चातुर्मासात सोडलेला एखादा जिन्नस, जे घेतलं ते कधी टाकलं नाही.

म्हणूनच मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा तोही देवापुढेच गेला.

अनुष्का सात वर्षांची. पहिलीत तिला अक्षरं जागेवर राहायची नाहीत. बाई उभं करून वाचायला लावायच्या, वर्ग हसायचा. मग रोज सकाळी युनिफॉर्म दिसला की उलटी. एके दिवशी शाळेच्या फाटकाशी तिने गज असे घट्ट धरले की बोटं सोडवेनात. स्वप्नाली तिथेच उकिडवी बसली आणि म्हणाली, “वाचण्यावरून तुला परत कुणी रडवणार नाही. शब्द देते.” आणि तिला घरी घेऊन आली ती कायमचीच.

निहारने, तिच्या नवऱ्याने, वाद घातला नाही. अंधेरीच्या ऑफिसातून दमून आलेला माणूस. एवढंच म्हणाला की एक वर्ष घरी शिकव, पण पुढच्या जूनला तिला कुठल्या तरी शाळेत बसवायचं, आणि तोवर वाचता आलंच पाहिजे.

आता शिकवायचं काय आणि कसं? घरी शिकवणाऱ्या आयांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप तिला सापडला. तिथे प्रत्येकीचं वेगळं. कुणी सरकारी बोर्डाची मराठी पुस्तकं घेतलेली, कुणी परदेशी अभ्यासक्रमाची पेटी मागवलेली, रोजचा धडा ठरलेला, पानापानावर चित्रं. एक बाई तर पुस्तकच उघडत नव्हती. पोराला बाजारात नेऊन भाजी तोलायला लावायची आणि म्हणायची, हीच शाळा. सगळ्यांची मुलं झकास चाललेली. वाचून वाचून स्वप्नालीचं डोकं फिरलं. शेवटी तिने तीन चिठ्ठ्या केल्या, गणपतीपुढे टाकल्या आणि अनुष्काला डोळे मिटून एक उचलायला सांगितली.

पेटी निघाली.

“देवाने सिलॅबस पण फायनल केला?” निहार हसला. शेजारच्या हेमालीबेनने तर पेटी आली त्या दिवशी झाकण उचलून बघितलं आणि ती म्हणाली, “तुमचा गणपती इंग्लिश मीडियमचा निघाला हां, स्वप्नाली.”

स्वप्नालीने मनावर घेतलं नाही. जवळच्या राई गावातल्या देवळात जाऊन तिने ओंजळीतून पाणी सोडलं: पेटीतला धडा रोज एक, खंड पडू द्यायचा नाही, आणि अनुष्काचा धडा वाचून झाल्याशिवाय मी अन्न घेणार नाही. घाईघाईने सोडलं. देवळात झाडलोट करणारे महिपतकाका बघत होते. ते म्हणाले, “सावकाश सोड पानी, बाय. देव कुठं जात न्हाय.”

उपास आपला आपण करायचा, त्याचा मुलीला काय जाच, असं तिला वाटलं.

पेटीतल्या पुस्तकांत सगळा बर्फ. बर्फातला उंदीर, बर्फावरची गाडी, लोकरी टोप्या घातलेली मुलं. अनुष्काने बर्फ बघितला होता तो खाडीकाठच्या मासेवाल्यांच्या टोपल्यांत. दोन ओळींचा धडा दुपार गाठायचा. स्वप्नालीने कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. तो तिचा स्वभाव नव्हता. ती नुसती समोर बसून राहायची. पोटात खड्डा, डोकं धरलेलं, आणि तोंडावर हसू. अनुष्का पुस्तकाकडे बघायची, मग ओट्यावरच्या झाकलेल्या पोह्यांकडे.

“आई, तू खा ना.”

“तुझा धडा झाला की खाते हं.”

हे रोजचंच. कधी अनुष्काचे डोळे भरायचे, पण ती पटकन पुसायची. स्वप्नाली त्याला समजूतदारपणा म्हणायची.

आणि नवरात्र सरलं तसा चमत्कार झाला. अनुष्का वाचायला लागली. बोट ओळीवर ठेवायचं आणि घडाघडा. चहाची वेळ टळायच्या आत धडा संपायचा. स्वप्नालीने बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. निहारने एका शाळेला फोन करून प्रवेशाच्या चाचणीची चौकशीसुद्धा केली. ग्रुपवर तिने लिहिलं की श्रद्धेने केलं की होतं.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी तिने घट मांडला, पुस्तकालाही हळदकुंकू वाहिलं. तांब्यातलं पाणी थोडं पानांवर सांडलं आणि त्या दिवशीच्या धड्याची दोन पानं एकमेकांना चिकटली. ते तिच्या लक्षात आलं नाही. पुस्तक उघडून तिने अनुष्कापुढे ठेवलं आणि नैवेद्याच्या दुधाकडे बघायला वळली. मागून वाचन सुरू झालं. स्वच्छ, ठसक्यात. दूध उतरवून ती परत आली आणि लेकीच्या खांद्यावरून कौतुकाने डोकावली.

अनुष्काचं बोट ओळींवरून सरकत होतं, बरोबर लयीत. तोंडात बर्फातला उंदीर होता. पानावर जहाज होतं.

स्वप्नाली खाली बसली. जहाजाच्या चित्राखालच्या एका शब्दावर तिने हळूच बोट ठेवलं. “हा कुठला गं?”

अनुष्काने शब्दाकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, आणि तिला समजलं.

“संध्याकाळी खेळायला जाते ना, तेव्हा पुस्तक नेते. हेमालीआंटी वाचून दाखवते. मग मला पाठ होतं.”

“पण असं का केलंस?”

“तू उपाशी राहतेस.”

ती रडत नव्हती. स्वप्नालीला तेच सोसेना.

विचारल्यावर हेमालीबेन बिचारी दारातच कानकोंडी झाली. तिला वाटलं होतं स्वप्नालीच पाठवते मुलीला, इंग्लिशचा उच्चार पक्का करायला. एकदा ऐकलं की बेबीला अख्खं पान येतं, म्हणाली, अशी मुलगी बघितली नाही. मग आवाज उतरवून म्हणाली, “रोज जाताना विचारायची, आंटी, उद्याचं नक्की हेच आहे ना? नाहीतर मम्मी जेवणार नाही.”

निहारला तिने फोनवर सांगितलं. पलीकडे कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, “मग आता काय करायचं?” तो तिला बोल लावत नव्हता, खरंच विचारत होता. एकदा ऐकून सगळं धरून ठेवणाऱ्या आणि अक्षरापुढे अडणाऱ्या मुलीला शिकवायचं तरी कुठल्या पुस्तकातून? तिने ग्रुपवर विचारलं. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि मग आपापलीच पद्धत सुचवली. पेटी पलंगाखाली होती, अर्ध्याहून अधिक शिल्लक. फाटकाशी दिलेला शब्द एकीकडे, देवाला दिलेला दुसरीकडे. एक पाळायचा तर दुसरा मोडत होता, आणि आजवर तिने काहीच मोडलं नव्हतं. मोडतात कसं, हे आईने शिकवलंच नव्हतं.

घटापुढची उदबत्ती विझत आली तरी दोघी तशाच बसून होत्या. अनुष्का तिच्या मांडीशी सरकली.

“आई, बाप्पाला सांगून ये ना, माझ्याने नाही होत म्हणून. माझं नाव सांग. तुला नाही ओरडणार तो.”

“सांगते.”

“उद्याच?”

“उद्याच.”

“आणि जेवून जायचं.”

स्वप्नालीने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पोहे केले. पुस्तक काढलं नाही. दोन ताटल्यांत वाढले आणि अनुष्का समोर बसून बघत असताना पहिला घास तोंडात घातला. आता आईचा आवाज येईल म्हणून ती थांबली. आला नाही. घास पाण्याबरोबर उतरवला, मग दुसरा. अनुष्काने आईची ताटली रिकामी होईपर्यंत आपल्या पोह्यांना हात लावला नाही.

मग स्वप्नालीने पिशवीत नारळ घातला, वर थोडी जास्वंद ठेवली, आणि अनुष्काला हेमालीबेनकडे सोडलं. आज आंटीने काही वाचायचं नाही, हेही सांगितलं. निहारला रात्री काय सांगायचं, जूनला काय, अहो उद्या सकाळी दहा वाजता त्या मुलीला घेऊन बसायचं ते काय करत, तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

देवापुढे काय बोलायचं तेवढं जिना उतरताना जुळवत होती. माझ्याने नाही झालं, एवढंच जुळलं. अनुष्काचं नाव ती घेणार नव्हती.

केबिन रोडवर दुकानांची शटर वर जात होती. तिने पदर सारखा केला, पिशवी छातीशी धरली आणि रिक्षावाल्याला हळू आवाजात विचारलं, “भैया, राई चलोगे?”