तीन वाफ्यांचं पाणी

"तिन्ही वाफे एकदम कधी कापायचे नाहीत, बाई. एकाने दम घेतला तर दोघांनी ओढायचं."

मामंजी हे इतक्यांदा सांगायचे की दीर त्यांची नक्कल करून आम्हाला हसवायचे. वरच्या वस्तीचं सांडपाणी आमच्या पाणकणसाच्या तीन वाफ्यांतून गाळत गाळत शेवटच्या हौदात उतरतं. तिथून खालच्या आळीला धुण्याभांड्याला आणि भाजीच्या मळ्यांना जातं. पाण्याचं उत्पन्न बेताचंच. घर चालतं ते कापलेल्या पानांच्या चटयांवर.

यंदा चटयांना मागणी मोठी. मी माहेरी गेले होते तेवढ्यात दिरांनी तिन्ही वाफे कापून घेतले, तेही पानं लांब मिळावीत म्हणून पाण्याखालून. पाणकणसाची मुळं कापलेल्या देठांतूनच श्वास घेतात. देठ बुडाले की मुळं गुदमरतात, आणि पाणी न गाळताच वरून वाहत राहतं.

परत आल्यावर सकाळी पूजा आटोपून हौदावर गेले. वास लांबूनच आला. गप्पी मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. ओठांवरचा जप तिथेच थांबला. आळीकडे पाणी सोडणारं दार सताड उघडं होतं. चाक फिरवून ते आधी बंद केलं. या वेळी आळीतली पोरं नळाखाली भिजत खेळत असतात. एखादं घोटभर पितंही.

घरी येऊन यांना आणि दिरांना सांगितलं. दीर म्हणाले, खाली गेलं ते दुपारपर्यंत सगळं वाहून जाईल, कोणाला कळतंय? बोभाटा झाला तर आळी उद्याच टँकर लावेल, चटयाही कोणी घेणार नाही आणि आपण त्याच पांघरून बसू.

"वहिनी, पुण्य तुम्ही कमवा. पोट आम्हाला भरू द्या."

"आणि एखादं लेकरू आजारी पडलं तर, भाऊजी?"

त्यांची नजर आळीच्या उताराकडे गेली. तेही घाबरले होते, हे मला तेव्हा दिसलं.

पहिल्यांदा पाणी दिलं तेव्हा आळीतल्या बायका नाकाला पदर लावून उभ्या होत्या. 'घाणीचं पाणी' म्हणत कोणी घागर पुढे करेना. तेव्हा मी बोलून बसले होते, पाणी बिघडलं तर आधी मी येऊन सांगेन. त्या शब्दावर त्यांनी घागरी भरल्या.

आता त्याच बायका काय म्हणतील? देवापुढे हात जोडले, पण मागायला काही सुचेना. यांनी अडवलं नाही, सोबतही आले नाहीत. मी चपला घातल्या, पदर खोचला आणि खालच्या आळीच्या उताराला लागले.